एकच जीव

‘मी काही विचारलं, की खरं तेच सांगायचं, आई. माझं मन राखायला म्हणून गोड बोलायचं नाही.’

या घरात आल्या दिवशीच मुलाने तिला हे बजावलं होतं. सकाळी दिवा लावून जप झाला, की तिला ते शब्द आठवायचे आणि ती मनाशी म्हणायची, एवढं तर आपल्याच्याने होईल. घर मुलाने हौसेने केलं होतं, अगदी जुन्या घरासारखं. खिडकीच्या चौकटीवरचा रंगाचा पोपडासुद्धा त्याने तसाच ठेवला होता.

दिवस कसा सरायचा ते तिला कळत नसे. स्वेटरची बाही विणायची, मग कोपऱ्यावरच्या शिंप्यापर्यंत एक फेरी. शिंपी मशीनवरून मान वर करून रोज तेच विचारायचा, ‘काय काकू, आज लवकर?’ बिचाऱ्याला दुसरं बोलणं सुचत नसावं. परत आलं की पुन्हा बाही. ती काही पुढे सरकत नव्हती, पण घाई तरी कोणाला होती?

संध्याकाळी मुलगा समोरच्या खुर्चीत येऊन बसे. हातात तो बटणांचा कंट्रोलर. मग त्याची गाडी सुटायची. खेळ तपासायची नोकरी आणि वेडही खेळांचंच, तेव्हा मतांना काय तोटा!

‘लोकांना धीरच नाही गं. पात्र बिचारं जीव तोडून काही सांगत असतं, आणि हे बटण दाबून पुढे पळतात. मग गोष्टच कळली नाही म्हणून गळे काढतात.’

‘तूही लहानपणी माझं निम्मंच ऐकून पळायचास.’

‘म्हणून तर आता पूर्ण ऐकतो.’ लगेच तो पुन्हा सुरू झाला. ‘आणि चित्रं बघ हल्लीची. झाडाचं पान न् पान मोजून घ्यावं. पण त्या झाडाखाली घटकाभर बसावंसं वाटेल तर शपथ! पैसे भरून तलवारी घ्यायच्या, आणि तरी हरलं की एकमेकांच्या आईवरून शिव्या.’

‘आईने काय घोडं मारलंय त्यांचं?’ ती म्हणाली, तसा तो खुदकन हसला.

सगळ्यात जास्त तो चिडायचा तो मात्र एकाच गोष्टीवर. ‘मेलेल्याला परत उठवता आलं ना, तिथेच खेळातली जान गेली. एकच जीव द्यावा. गेला की गेला.’

हे म्हणताना त्याची नजर तिच्यावरून हलत नसे.

तिचा जीव वेगळ्याच काळजीने टांगणीला लागला होता. पोर वाळत चाललं होतं. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. तिने पुढे केलेला चहा तो कधी हातात घेत नसे. पाकिटातलं काहीतरी कोरडं चघळत बसे. जेवलास का विचारलं, तर ‘हो’ म्हणे. ते ‘हो’ खोटं आहे हे आईला कळत नाही का? याला खेळातून उठवायचं कसं, एवढंच ती देवापुढे रोज मागत होती.

त्या संध्याकाळी धाकटी लेक आली. दाराशीच थबकली. आईकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. रुसली असेल, हिचा राग नेहमी नाकावरच.

‘दादा, तुझ्या ऑफिसातून मला फोन आला. तुला काढलंय म्हणे.’

‘त्यांना काय कळतं!’

‘हो ना, तुलाच तेवढं कळतं. आंघोळ कधी केलीस शेवटची? सारखा आपला ह्याच्यापुढे बसलेला. अरे, माणसात ये जरा.’

मनातल्या मनात आईने लेकीची पाठ थोपटली.

‘थोडंच राहिलंय,’ तो पुटपुटला. ‘हसणं अजून नीट जमत नाहीये.’

कोणाचं हसणं, ते आईला उमगलं नाही.

‘जगाला शहाणपण शिकवतोस, मेलेल्याला उठवू नये म्हणून,’ धाकटीचा आवाज चिरकला. ‘आणि स्वतः काय मांडलंयस हे?’

आईच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. म्हणजे याच्या खेळात कोणीतरी मेलं होतं, आणि हा त्याला पुन्हा पुन्हा उठवत बसला होता. तरीच!

‘बाळा,’ तिने हळूच विचारलं, ‘तुझ्या खेळात कोण गेलंय रे?’

दोघंही दचकली. धाकटीने तोंडावर हात दाबला.

‘आहे एकजण,’ तो म्हणाला.

‘फार जवळचं?’

त्याने नुसती मान डोलावली.

‘मग जाऊ दे की त्याला. तुझंच तर म्हणणं ना, गेला की गेला.’

‘आणि मला करमलं नाही तर?’

खोटं बोलायची सोय नव्हती. ‘नाही करमणार,’ ती म्हणाली. ‘पुष्कळ दिवस नाही करमणार. पण जेवशील, झोपशील. बहीण आहे तुला, तिच्याशी भांडशील. हा खेळ आता बंद कर, राजा. माझी शपथ आहे तुला.’

‘तुझी शपथ नको घालूस गं,’ तो रडता रडता हसला.

‘बरं, नाही घालत. वचन दे.’

त्याने हातातल्या कंट्रोलरकडे पाहिलं. ‘दिलं,’ तो म्हणाला.

तिला हायसं वाटलं. इतक्या दिवसांचं मागणं देवाने ऐकलं म्हणायचं. त्याचे डोळे पुसायला तिने पदराचं टोक धरून हात पुढे केला, तर बोटं मध्येच कसल्याशा गार काचेला टेकली.

काचेपलीकडून धाकटी तिच्याकडे पहिल्यांदाच डोळे भरून पाहत होती. ‘आई गेली तेव्हा अशीच दिसत होती रे. हुबेहूब केलीस तिला,’ ती म्हणाली, आणि दिलेलं वचन पाळायला दादाने अंगठा हलकेच कंट्रोलरच्या बटणावर ठेवला.