नाव घेणारी आई

"वैजे, दिवे लागले गं, घरी ये!" वैजयंताच्या लहानपणी ओढ्यापलीकडून ही हाक यायची आणि सांज मऊ होऊन जायची.

आता तोच आवाज रोज दवाखान्यातल्या फोनवर यायचा. यकृताच्या ऑपरेशननंतर वैजयंता त्या आवाजावरच तगली होती. आई म्हणायची, "गोळी घे, माझी साळुंकी," की ती मुकाट्याने घ्यायची. उशाशी बसलेला धाकटा भाऊ निवृत्ती तेवढ्यात उठून खिडकीपाशी जायचा.

आज तिने विचारलं, "आई, बाबांचा खोकला कसाय गं?"

"रंगनाथ बरे आहेत. तू जेवलीस का?"

वैजयंताने फोन कानापासून दूर धरला. उखाणा सोडला तर आईने नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा ती शेजारणीला सांगायला लावायची.

तिने फोन बंद केला. "निवृत्ती, हे कोण बोलतंय?"

"संशोधन आहे, ताई. आईशी बोलणारा पेशंट लवकर बरा होतो, म्हणून मशीन तिच्या आवाजात बोलतं. मीच परवानगी दिली."

"माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही, ते मी तिला सांगितलं रे! आणि खरी आई असताना मशीन कशाला, शहाण्या?"

निवृत्तीने खिडकीकडे पाहिलं, पण या वेळी तो उठला नाही.

"आई गेली, ताई. तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. वैजीशी बोलू दे म्हणत होती, आणि मी फोन लावून दिला नाही."