चौदा जणांची मागणी

अर्बा मिंचहून येणारं विमान उशिरा निघालंय हे पडद्यावर दिसलं आणि त्सिगेचा जीव टांगणीला लागला. अदिस अबाबाच्या विमानतळावर कुठलं विमान कुठं उभं करायचं, हे तिच्या टेबलावर ठरायचं. त्या विमानात आज तिच्या दावितच्या घरची तीन म्हातारी माणसं होती. इथं उतरून गोंदारचं विमान धरायचं आणि तिच्या वडिलांकडे तिला मागणी घालायची. उद्यापासून ईस्टरपर्यंत मोठा उपास, त्यात लग्नाची बोलणी होत नाहीत.

आणि दोन्ही विमानांच्या जागा दोन टोकांना होत्या.

"सरकव की जवळ," शेजारचा बिर्हानू म्हणाला. "बोट तर हलवायचंय."

"माझ्या लग्नासाठी? उद्या तूच गावभर करशील."

"करीनच."

त्सिगेनं नव्या वेळा भरल्या आणि जागा पुन्हा लावायचं काम संगणकावर सोडलं. त्याला ना मागणी कळते ना उपास. किती माणसांचं पुढचं विमान चुकेल, एवढंच तो बघतो. तीन म्हाताऱ्यांसाठी तो कशाला हलतोय?

पण हलला. दोन्ही विमानं शेजारीशेजारी आली.

"तीन कुठले? गोंदारला जाणारे चौदा आहेत," बिर्हानू पडद्यात डोकं घालून म्हणाला. "अगं, ही मागणी आहे की वऱ्हाड?"

तिनं दावितला फोन लावला. रीतीनं तीनच वडीलधारे पाठवायचे असतात.

"एकाला हो म्हटलं की दुसरा रुसतो," तो अजिजीनं म्हणाला. "वोर्कूकाकांनी तर विचारलं, मी काय मेलोय?"

काल हे ऐकलं असतं तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. आज त्या चौदा जणांमुळेच विमानं जवळ आली होती; ती हसतच सुटली.

खाली पांढऱ्या शाली पांघरलेले चौदा म्हातारे एका विमानातून दुसऱ्याकडे निघाले होते. भेटेल त्या सामानवाल्याला थांबवून त्याची, बायकोची, गुरांची खुशाली विचारत होते. दार लागता लागता शेवटचा आत गेला. त्सिगेचा जीव भांड्यात पडला.

तिनं वडिलांना फोन केला. "आबा, चौदा जण येताहेत."

पलीकडून आबांनी आकडा पुन्हा विचारून घेतला.

"पहिल्या खेपेला नाही म्हणायची रीत आहे, पोरी. पण ही फौज दुसऱ्यांदा आली तर घरात एक कोंबडी उरायची नाही. आजच हो म्हणून टाकतो."