सोलोला पोळ्या किती?

"सोलो ट्रिपला पोळ्या किती लागतील गं?" वसुधाकाकूंनी विचारलं आणि अक्षयानं चहाचा कप खाली ठेवला.

चूक तिचीच होती. जमैकातल्या नेग्रिल नावाच्या गावी एकटीनं जायचं, हे तिनं कधीपासून मनात धरलं होतं. वाळूतच थाटलेले बार, संध्याकाळी गाणीबजावणी, रस्त्याकडेला निखाऱ्यांवर भाजलेलं झणझणीत चिकन, आणि ओळखीचं कोणी म्हणजे कोणी नाही. त्या सुट्टीसाठी तिनं ऑफिसात कितीतरी रविवार जाळले होते. आणि मग काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, तिनं आयर्लंडमधल्या आपल्या गावच्या, लिमरिकच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, "नेग्रिलला कोणी एकटं गेलंय का?" मराठी मंडळाला असलं काही विचारायचं नसतं.

"एकटी कशाला? आम्ही आहोत ना!" मंडळाचे अध्यक्ष मोरेश्वरकाका यांनी तत्काळ लिहिलं. झोपायच्या आत 'सोलो नेग्रिल, आपण सगळे' असा नवा ग्रुप निघाला आणि त्यात निम्मं मंडळ शिरलं. काकांना सोलो ही कल्पना मनापासून पटली होती. तिचे नियमही त्यांनीच ठरवले. बसमध्ये प्रत्येकानं आपापल्या खिडकीशी बसायचं, म्हणजे एकांत मिळतो. जेवण मात्र एकत्र.

जेवण म्हटलं की प्रश्न आपोआप काकांच्या बायकोकडे, म्हणजे वसुधाकाकूंकडे यायचा. लिमरिकमधल्या यच्चयावत मराठी माणसाला काकू एकच विचारत, "जेवलात का?" अक्षयाला तर रोज. ती तिशी ओलांडून एकटी राहते याचं दुःख त्या डब्यांत भरून पोचवत. अक्षयाचा त्यांच्यावर जीव होता. पण एक आठवडा, फक्त एक आठवडा, तिला हा प्रश्न ऐकायचा नव्हता.

"काकू, मला नाही हो जमणार," ती म्हणाली. "सुट्टी रद्द झाली." हे धादांत खोटं होतं.

"अगं, तुझीच तर ट्रिप!" काकूंचा चेहरा उतरला. "मी तरी जाऊन काय करू मग? कणकेतून मान वर निघाली तर समुद्र दिसायचा."

शनिवारी सगळे गेले. निघताना काकूंनी तिच्या फ्रीजमध्ये आमटी ठेवली. विमानतळाकडे निघालेली त्यांची बस वळणाआड गेली तेव्हा अक्षयाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिला विचारणारं लिमरिकमधलं प्रत्येक माणूस त्या बसमध्ये होतं. एकटं पडायला जमैकापर्यंत जायची गरजच नव्हती.

ती गाडी काढून किल्कीला गेली. लिमरिककरांचा समुद्र तोच. तिथे एका घरगुती लॉजच्या मालकीणबाईंनी विचारलं, "ऑन युअर ओन, लव्ह?"

"हो."

"ग्रँड," बाई म्हणाल्या आणि त्यांनी किल्ली दिली. विषय संपला. अक्षयाला आनंदानं रडू यायचं बाकी राहिलं. भुरभुर पावसात भिंतीवर बसून तिनं कागदी पुडीतल्या उकडलेल्या समुद्री गोगलगायी टाचणीनं काढून खाल्ल्या. कुणी आमटीबद्दल विचारलं नाही. स्वर्ग म्हणतात तो हाच, असं तिला वाटलं.

स्वर्ग सोमवारपर्यंत टिकला. सोमवारी संध्याकाळी पाऊस आडवा झोडपू लागला, पुढ्यातल्या चिप्स गार झाल्या आणि समोरची खुर्ची फारच रिकामी दिसायला लागली. दोन दिवसांत ती जेवली की उपाशी आहे, याची जगात कुणाला पडलेली नव्हती. तिला ते खुपलं. खुपलं म्हणून स्वतःचा रागही आला.

तेवढ्यात फोन वाजला. जमैकाहून मोरेश्वरकाका होते. तिकडे दुपार झालेली. मागे चांगलाच गलका चालला होता.

"अक्षया, वसुधा तुला काही बोलली का? सकाळपासून पत्ता नाही तिचा. माझा फोन उचलत नाही!"

"अहो, शोधा ना! पोलिसांना सांगितलंत का?"

"छे, तसं काही नाही. आपल्या मंडळातल्या उपेंद्रला सकाळी बीचवर हसत टाटा केला तिनं. पण सगळे ताटं घेऊन बसलेत. पोळ्यांची पिशवी आहे इथे, पण वाढणार कोण?"

अक्षयानं तरीही घाईघाईनं काकूंना मेसेज टाकला, "काकू, कुठे आहात? सगळे जेवलात का?" पाठवल्यावर आपण काय विचारलं ते तिच्या लक्षात आलं, पण तोवर दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या.

आधी एक फोटो आला. पुढे निळाशार समुद्र, आणि वाळूत पसरलेली, जोडवी घातलेली दोन पावलं. मागोमाग काकूंचं उत्तर आलं.

"मी जेवले. बाकीच्यांचं मला काय माहीत? मी सोलो आलेय."