उत्तर आलेलं नाही

फोटोग्राफरनं पत्र वाचलंसुद्धा नाही. खिशातलं पेन काढलं, कागद काउंटरवर सपाट केला आणि खाली सही ठोकली.

"घ्या. आणखी काही?"

मुद्रितशोधक उभाच राहिला. हा माणूस आढेवेढे घेईल, चार गोष्टी सुनावेल, कदाचित दारही दाखवेल, अशा सगळ्या तयारीनं तो आला होता. आणि इथे अर्ध्या मिनिटात काम फत्ते. हसावं की रडावं, त्याला कळेना. ह्याच अर्ध्या मिनिटाला तो तीन वर्षं घाबरला होता.

माणूस तसा सज्जन. उभा जन्म छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यानं आपल्या आवडत्या नटीची वेबसाइट काढली. सिनेमातली नटी नव्हे, नाटकातली. तीसेक नाटकं करून कधीच घरी बसलेली. लोक तिला विसरले होते, हा चाहता विसरला नव्हता. साइटवर तिचं प्रत्येक नाटक होतं, प्रयोगांच्या तारखा होत्या, आणि मालकाच्या लेखी परवानगीशिवाय एकही फोटो नव्हता. त्या बाबतीत स्वारी भलतीच कडक.

फक्त पहिल्या पानावरची एक चौकट रिकामी होती. तिथे जो फोटो यायचा होता, त्यात ती दोन अंकांच्या मधे ट्रंकेवर बसून पोशाखाची उसवलेली शिवण घालते आहे. दातांत दोरा आहे आणि तशीच हसते आहे. एका नाटकाच्या माहितीपत्रकात तो एकदाच छापला होता. काढणारा फोटोग्राफर तिरसट म्हणून प्रसिद्ध. मुद्रितशोधकानं त्याला पत्र लिहिलं. मग सुधारलं. मग पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. तोवर चौकट रिकामी बरी दिसेना, म्हणून तिच्याखाली एक ओळ टाकली: 'फोटोग्राफरकडे परवानगी मागितली आहे. अद्याप उत्तर आलेलं नाही.' आठवड्याभरात पत्र टाकायचंच आहे, तेव्हा हे काही अगदीच खोटं नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

"अहो, टाका एकदाचं ते पत्र," बायको म्हणायची. "तो काय खाणार आहे तुम्हाला? माझ्याशी लग्नाला हो म्हणतानासुद्धा एवढा विचार केला नव्हतात."

पण 'नाही' आलं तर? मग चौकटच काढून टाकावी लागली असती. पाकीट टेबलाच्या खणात पडून राहिलं. मागच्या महिन्यात नटी गेल्याची बातमी आली. तो लहान मुलासारखा रडला. मग स्वतःचीच लाज वाटून उठला, नवा कागद तयार केला आणि थेट स्टुडिओ गाठला.

"उपकार झाले," तो म्हणाला. "हे त्यांच्या हयातीत व्हायला हवं होतं. राहून गेलं."

फोटोग्राफर पासपोर्टचे फोटो कापत होता. त्यानं कात्री खाली ठेवली आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. एक विचारतो. तुम्ही मला याआधी कधी विचारलं होतं?"

मुद्रितशोधक स्टुलावर टेकला.

"नाही म्हणजे, तुमचं पत्र आलं असेल म्हणून मी सगळीकडे शोधलं," फोटोग्राफर म्हणाला. "पोस्टात गेलो. जुन्या जागेच्या भाडेकरूला विचारलं. ताई म्हणायचो मी तिला. मला रोज सकाळी फोन करायची, नाटकाच्या दिवसांपासूनची सवय. मुलीच्या कॉम्प्युटरवर तुमची साइट बघायची. फार खूश होती हो तुमच्यावर. आणि तो फोटो म्हणजे तिचा जीव की प्राण. एक दिवस म्हणाली, अरे, अडवून का धरलायस? मी म्हटलं, ताई, मला कुणी विचारलेलंच नाही. तिला पटेना. म्हणाली, जो माणूस साधा स्वल्पविराम चुकवत नाही, तो खोटं लिहील?"

त्यानं कापलेले फोटो बाजूला सारले.

"तो फोटो मीच पाठवून द्यायला हवा होता. पण मलाही राग आला. माझ्या शब्दापेक्षा तिला तुमची ओळ खरी वाटली. मी हट्टाला पेटलो, तिनं फोन करणं बंद केलं. अडीच वर्षं. शेवटी हॉस्पिटलात गेलो, तर तिच्या मुलीनं दारातूनच परतवून लावलं."

"पत्र मी टाकलंच नव्हतं," मुद्रितशोधक म्हणाला. "घरी खणात आहे. भीती वाटली मला."

फोटोग्राफरनं हात पुढे केला. मुद्रितशोधकानं मुकाट्यानं कागद परत दिला. आता हा फाडणार, आणि त्यानं फाडावाच, असं त्याला मनापासून वाटलं. फोटोग्राफरनं कागद फाडला नाही. सहीच्या वर जी थोडी जागा उरली होती, तिथे एकेक अक्षर सावकाश काढत त्यानं एक ओळ लिहिली आणि कागद फिरवून समोर ठेवला.

'ही परवानगी माझ्याकडे आज पहिल्यांदा मागितली गेली.'

"फोटोखाली एवढं छापायचं. तुमच्या नावासकट," तो म्हणाला. "ताई काही आता वाचणार नाही. पण तिची मुलगी वाचेल. ती अजून माझा फोन उचलत नाही."