तिसऱ्या खात्यातला डॉलर

वेंडेल क्रांट्झने कानामागची पेन्सिल काढली, आणि यंदा भानगड होणार हे व्हर्नन टॅकेटने ओळखलं.

मार्च महिन्यात वाचनालयाच्या तळघरात निवृत्त मंडळी गावाचे टॅक्सचे कागद फुकट भरून देतात. एकाने भरायचे, दुसऱ्याने तपासायचे. भरणारी लॉर्ना स्टब्ज गणित शिकवायची. ती चुकत नाही. तपासणारा वेंडेल जन्मभर विम्याचे दावे नाकारत आलेला. चूक सापडल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

व्हर्ननने रिफंड तीन खात्यांत वाटून मागितलाय, याला वेंडेलची हरकत नव्हती. घरखर्चाच्या खात्यात बाराशे, बचत खात्यात छपरासाठी चारशे, इथवर ठीक. पण तिसऱ्या खात्यात एकच डॉलर? पुढची दोन शून्यं गळालीत, असं त्याने लॉर्नाला सुनावलं. लॉर्ना म्हणाली, दरवर्षी एकच असतो, सरकार त्याहून कमी पाठवत नाही. का, ते मात्र तिने कधी विचारलं नव्हतं. वेंडेलने पेन्सिल टेकवली.

"राहू दे ते," व्हर्नन म्हणाला. "माझं आणि पोरीचं खातं आहे."

जॅनेल पंधरा वर्षांची असताना आइस्क्रीमच्या टपरीवर काम करायची. पगाराला खातं हवं होतं, आणि वय कमी म्हणून सोबत बापाचं नाव लागलं होतं. आता पोरगी कुठे असते, असं वेंडेलने विचारलं. ऑरेगनला, बहुधा, असं उत्तर आलं. त्यातलं 'बहुधा' लॉर्नाने ऐकलं, वेंडेलने नाही.

"मग लेकीला धड शंभर तरी पाठव की, चिकट्या. एका डॉलरात तिकडे कॉफीचा वाससुद्धा मिळायचा नाही."

"शंभर दिसले तर ती परत पाठवेल. एक डॉलर कोण परत पाठवतंय? टपालाच्या तिकिटालाच निम्म्याच्या वर जातात."

"अरे, मग पाठवायचा तरी कशाला?"

व्हर्ननने टोपी मांडीवर ठेवली आणि सांगितलं. खातं बंद असेल तर पैसे जमा होत नाहीत, सरकार त्याचा चेक काढून घरी टपालाने धाडतं. खात्यावरून बापाचं नाव काढायला बापाची सही लागते, आणि ती त्याच्याकडे कोणी मागितलेली नाही. बाप नको असेल तर खातंच बंद करावं लागेल. म्हणजे चेक आला नाही, की समजायचं, खातं अजून चालू आहे.

बँकेला फोन केलास तर दोन मिनिटांत कळेल, असं वेंडेलचं म्हणणं पडलं.

"बँक तिला विचारेल, हे वडील अजून ठेवायचेत का म्हणून. सरकार कोणाला काही विचारत नाही."

सरकारबद्दल इतकं चांगलं त्या तळघरात आजवर कोणी बोललं नव्हतं. वेंडेलने एक डॉलर तसाच ठेवून सही केली. चेक कधी आलाय का, असं लॉर्नाने हळूच विचारलं. अजून तरी नाही, व्हर्नन म्हणाला.

एप्रिलमध्ये बाराशे आले, चारशेही आले. तेव्हापासून टपालाच्या वेळी व्हर्नन खिडकीत उभा राहू लागला. टपाल वाटणाऱ्या डार्लाला रोज पडद्याआड म्हातारा दिसायचा आणि त्याची पेटी रिकामी. तिला वाईट वाटलं. एका शुक्रवारी तिने तिच्याकडे उरलेलं एक पांढरं पाकीट त्याच्या पेटीत सारलं.

पाकीट शनिवारी तिथेच होतं. सोमवारीही होतं. तेव्हा तिनेच ते काढून दार ठोठावलं.

"घाबरू नकोस, बिल नाहीये. दोन पिझ्झ्यांवर एक फुकट. म्हटलं, तुला कधीच काही येत नाही."

व्हर्ननने पाकीट उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. दुसऱ्या हाताने चौकट धरली होती.

"डार्ला, माझ्या नावाचं नसेल ते टाकत जाऊ नकोस."

"बरं बाबा, चुकलं माझं."

"आणि नावाचं आलंच, तर पेटीत ठेवू नकोस. बेल वाजव. आत ये थोडा वेळ, कॉफी करतो."

काय समजायचं ते ती समजली, की काहीच समजली नाही, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी तिने रस्त्यावरूनच दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले. काचेमागे व्हर्ननचा चेहरा उजळला. त्याने मान डोलावली, पडदा सोडला आणि एकट्यापुरती कॉफी ठेवली.