इमारतभर वनिता

सोलापुरातल्या नव्या खोलीत वनिताने घरच्या सर्व्हरची डबी प्लगला लावली आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. डबीने लगेच आसपासच्या नेटवर्कला हाक दिली असणार: वनिताचा डेटाबेस इथे आहे. ही हाक बंद करायची सोय नव्हती. आणि डबीशिवाय ना गॅस मिळायचा, ना रेशन. आधीच्या प्रत्येक गावात तिचा नवरा नुसता फोनवर हेच नाव शोधत गल्लीबोळांतून फिरला होता आणि शेवटी दारात येऊन उभा राहिला होता.

"खरं नाव पुसता येत नाही, काकू," ती घरमालकीण गड्डमकाकूंना म्हणाली.

"आमच्या डब्यांना दुसरं जोडता तर येतं?"

नवरा गुरुवारी आला. इमारतीसमोर त्याच्या फोनवर यादी उघडली: वनिता, वनिता दोन, वनिता तीन... बोट दुखेपर्यंत ती सरकतच राहिली. पहिलं दार उघडलं ते मांडीवर विड्या वळायचं सूप घेतलेल्या एका म्हातारीने.

"मीच वनिता. बोला."

पुढच्या दारातली बाईही वनिताच निघाली, त्यापुढचीही. दुसऱ्या मजल्यावर तो पायरीवर बसला. मग शिव्या देत उतरून गेला.

वनिताने कडी काढली. दारात काकू उभ्या होत्या.

"माझ्यापायी सगळ्यांना त्रास, काकू. आता ती नावं काढून टाका."

"राहू दे गं," काकू म्हणाल्या. "मागच्या वर्षी आम्ही सगळ्या रेश्मा होतो."