फोटोतलं ताट

"तोंड उघड. मोठं!" गहिनीनाथनं मोबाईल धरला तसा पुंजारामनं आ केला. फोटो निघाला. गहिनीनाथनं त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि शेजारच्या माणसापुढं सरकवलं. पुंजाराम उघड्या तोंडानं ताटाकडे बघत राहिला.

दारात उभ्या असलेल्या स्टीफननं हे सगळं पाहिलं. तो न सांगता आला होता.

पारनेरच्या अलीकडे, रस्ता सोडून आत, बौद्धिक दिव्यांग प्रौढांचं हे निवासी केंद्र. इथल्या प्रत्येकाचं जेवण, आंघोळ, औषध यांचे फोटो रोज एका सॉफ्टवेअरवर चढवावे लागत. स्टीफन त्या सॉफ्टवेअर कंपनीचा तपासनीस. त्यानं हिरवी खूण दिली की केंद्राची मान्यता टिकायची. लाल दिली तर केंद्र बंद, आणि इथली माणसं नगरच्या चांगल्या संस्थेत जायची.

आजवर इथं सगळं हिरवंगार होतं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

ताटात चपाती, भाजी, केळं आणि उकडलेलं अंडं होतं. अंडं बुळबुळीत झालं होतं, केळ्याला पाणी सुटलं होतं.

"हे कधीचं?"

"परवाचं, साहेब." व्यवस्थापक असलेला गहिनीनाथ ओशाळं हसला. "फोटोत वास कुठं येतोय?"

"आणि हे लोक खातात काय?"

"भात आन् डाळीचं पाणी. त्यांना काय कळतंय, साहेब?"

स्टीफनला त्या हसण्याची शिसारी आली. नाकाला रुमाल लावून तो आत गेला. मुताचा आणि फिनेलचा वास एकमेकांत मुरला होता. आंघोळ म्हणजे डोक्यावर तांब्याभर पाणी आणि फोटो. टॉवेल सगळ्यांना मिळून एक, तोही काळा पडलेला. कोपऱ्यात एकाचा पाय चिंधीनं खाटेला बांधला होता आणि तो स्वतःच्याच घाणीत बसून टाळ्या वाजवत होता.

"दाराला रात्री कुलूप?"

"बाहेरून."

"कुणी पळून गेलं तर?"

"आजवर एकबी गेला न्हाई," गहिनीनाथ छाती फुगवून म्हणाला आणि लगेच वरमला.

"घरचे येतात भेटायला?"

"कशाला येतील? फोटो जातो ना मोबाईलवर."

"आणि तक्रार?"

"तक्रारीला बोलता तर याया पायजे."

स्टीफननं मान हलवली आणि तो मागच्या दारानं बाहेर पडला.

मागच्या नळापाशी साळूबाईनं त्याला गाठलं. ती पुंजारामची आई. लेकाजवळ राहता यावं म्हणून तिनं इथं स्वयंपाकाचं काम धरलं होतं. तिनं पुंजारामला वळवून त्याचा सदरा वर केला. पाठीवर तळहाताएवढी जखम होती, आणि तिच्यात किडे वळवळत होते.

स्टीफन भिंतीकडे धावला आणि भडाभडा ओकला.

साळूबाईनं त्याला तांब्या दिला. तिला बरं वाटलं. इथलं बघून कुणाच्या तरी पोटात ढवळलं होतं.

"सायेब, लाल करा," ती म्हणाली. "मी तोंड उघडलं तर मला हाकलत्याल आन् ह्याला हितंच ठेवत्याल. आमाला दुसरीकडं कुनी घेत न्हाई. तुमी लाल केलं की समदीच सुटत्याल."

"माणसं आहेत का राक्षस ही?" तोंड पुसत स्टीफन म्हणाला.

"व्हय, राक्षसच. तुमी येवढं कराच."

तो तरातरा कचेरीत गेला. साळूबाई लेकाचा हात धरून दाराबाहेर उभी राहिली. आतला आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता.

"कुत्र्यालासुद्धा कुणी असं ठेवत नाही! लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

गहिनीनाथनं हात जोडले. चहा मागवला, तो स्टीफननं लोटून दिला. तुम्ही म्हणाल ते करतो, असंही तो म्हणाला. स्टीफननं लॅपटॉप उघडला.

"एखादी खाट रिकामी आहे?"

ही आणखी एक चूक सापडली, असं गहिनीनाथला वाटलं. "मागल्या खोलीत एक हाय, साहेब. तिच्यावरचा गेल्या महिन्यात वारला. कळवायचं राहून गेलं."

साळूबाईनं पुंजारामचा हात घट्ट दाबला. आता सुटलो, तिला वाटलं.

स्टीफननं हिरव्या खुणेचं बटण दाबलं, लॅपटॉप मिटला आणि कुणाकडेही न बघता अंगणात आला. चिंचेखाली त्याची गाडी उभी होती. त्यानं मागचं दार उघडलं आणि तेल लावून भांग पाडलेल्या, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन बसलेल्या आपल्या धाकट्या भावाला हाताला धरून खाली उतरवलं.